चुलीचा धूर, जिनातली रुई आणि आपली छाती



दिवाळी सरली की दरवर्षी वर्तमानपत्रांत दिल्लीच्या हवेच्या बातम्या सुरू होतात. शाळांना सुट्ट्या, विमानांना उशीर, रस्त्यावर तोंडाला मास्क लावलेली माणसे. आपण त्या वाचतो आणि मनाशी म्हणतो, बरे आहे बुवा आपले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ना कारखान्यांच्या धुरांड्यांची रांग, ना मोटारींची गर्दी. घाटावरचे बुलढाणा शहर तर थंड आणि निरोगी हवेसाठी नावाजलेले. मग हवेची चिंता आपण कशाला करावी?

हा समज किती खरा आहे ते पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत दिवेलागणीच्या वेळी घाटाखालच्या कुठल्याही गावाबाहेर, नांदुऱ्याकडे, संग्रामपूरकडे, जळगाव जामोदकडे, थोड्या उंचवट्यावर उभे राहा आणि वस्तीकडे पाहा. टिनाच्या छपरांवर निळसर पांढरी चादर अंथरलेली दिसेल. ते धुके नव्हे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावरची हवा त्यामानाने उबदार राहते, आणि चुलीचा धूर वर निघून जाण्याऐवजी छपराच्या उंचीवरच अडकून पडतो. ऊन चढेपर्यंत आपण, आपली लेकरे आणि म्हातारे आईबाप तीच हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो.

जुनी माणसे सांगतात, आपल्या पूर्वजांची वस्ती गावाच्या पूर्वेला का, तर पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. महारवाड्यावरून आलेला वारा गावाला लागू नये. माणसाच्या श्वासाचाही विटाळ मानणाऱ्यांनी वाऱ्याची दिशा पाहून वस्त्या बसवल्या! हिवाळ्यात वारा फिरतो, ईशान्येकडून वाहू लागतो आणि वस्तीचा धूर गावात शिरतो, एवढा हिशेब मात्र त्यांनी केलेला दिसत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वाईट, त्यांची यादी झाली आणि त्या शहरांसाठी पैसा व आराखडे आले. त्या यादीत आपल्या पूर्वेचे अकोला आणि अमरावती आहे, दक्षिणेचे जालना आहे, पश्चिमेचे जळगाव आहे. तिन्ही बाजूंनी शेजारी यादीत, आणि मधल्या बुलढाणा जिल्ह्यातले एकही शहर नाही. याचा अर्थ शेजाऱ्यांची धूळ आपल्या शिवेवर येऊन थांबते असा होत नाही. यादी झाली ती आधीपासून ज्या शहरांत हवेचे मोजमाप चालू होते त्यांच्यातून. खेड्याची हवा मोजायला यंत्र घेऊन कोण जातो? मोजले नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून पुन्हा मोजमाप नाही. आपल्या जिल्ह्यात हवा मोजण्याचे काम खरे तर आपल्या बायाबापड्यांची छाती करते आहे. फक्त त्या छातीतला खोकला कुठल्या नोंदवहीत लिहिला जात नाही.

आता हे कण म्हणजे काय ते समजून घेऊ. उन्हाच्या कवडशात जी धूळ नाचताना दिसते ती जाडी धूळ. तिचा बराचसा भाग नाकातले केस आणि घशातला ओलावा अडवून धरतो, शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडतो. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांना शास्त्रज्ञ पीएम १० म्हणतात, आणि अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक कणांना पीएम २.५. म्हणजे केसाच्या जाडीत असे अठ्ठावीस कण शेजारी शेजारी बसतील. हे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला जुमानत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. त्यातले अतिबारीक तर रक्तात उतरतात. म्हणून हवेतली धूळ हा फक्त खोकल्याचा विषय उरलेला नाही; हृदयविकाराचा झटका आणि लकवा यांच्या कारणांतही तिचे नाव आता पक्के झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हवेतल्या कणांना कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, ज्या गटात तंबाखूचा धूर आहे.

आपल्या देशाने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी: एक घनमीटर हवेत पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम १० ची ६० पेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ असावेत असे सांगितले. दोन्हींत किती अंतर आहे ते वाचकांनीच पाहावे. बुलढाण्याचे फुफ्फुस जिनिव्हाच्या फुफ्फुसापेक्षा आठपट दणकट असते असे काही नाही.

हे सगळे कण येतात कुठून? रस्ता, कारखाना, शेत यांकडे मी वळणारच आहे. पण सर्वांत आधी घरात यावे लागेल, कारण आपल्या मायबहिणींच्या वाट्याला येणारा सर्वांत दाट धूर बाहेरचा नाही, तो हातभर अंतरावरचा आहे.

कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. मजूर बाया त्या उपटतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर वाहून आणतात. घराच्या मागे पऱ्हाटीचा ढीग, त्यावर तुराट्या, बाजूला गोवऱ्यांची रास, यावर पावसाळ्यापर्यंत चूल चालते. पावसात सरपण ओले झाले की चूल पेटत नाही, धुमसते. एका खोलीचे घर, खाली ओढलेले टिन, खिडकी असली तर चोरीच्या भीतीने बंद, आणि फुकणी तोंडाला लावून बसलेली बाई. तिच्या मांडीवर किंवा पाठीशी वर्षादीड वर्षाचे लेकरू.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी आपल्या देशातल्या सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत एक काम केले. त्यांनी धूर मोजायचे छोटे यंत्र स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच लावले, म्हणजे बाईच्या नाकातोंडात जे जाते तेच यंत्रात यावे. १९८३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा होता घनमीटरमागे सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम. हे लहानमोठ्या सगळ्या कणांचे माप आहे आणि स्वयंपाक चालू असतानाचे आहे, त्यामुळे आजच्या मर्यादेशी त्याची तंतोतंत तुलना करता येत नाही. तरी चोवीस तासांसाठी पीएम १० ची आपली मर्यादा १०० आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे अंदाज येतो. दिल्लीच्या ज्या हवेत शाळा बंद ठेवतात त्याहून किती तरी दाट हवेत आपली आई रोज दोनदा बसत आली, आणि तिला कुणी सुट्टी दिली नाही.

या धुराचे परिणाम नुसते डोळे चुरचुरण्यावर थांबत नाहीत. घरात धूर असेल तर पाच वर्षांखालच्या लेकराला न्यूमोनिया होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. गरोदर बाई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. आणि वीस-पंचवीस वर्षे चूल फुंकलेल्या बाईला पन्नाशीच्या आत दम लागू लागतो. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा जो आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच असे समजले जाई. या दोघांनी दाखवले की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, पण लाकूड-शेण-काटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. ज्या बाईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही तिला बिडी ओढणाऱ्याचा आजार होतो तो असा.

आपल्याकडे या आजाराला नाव नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. बाईचा खोकला सहा महिने राहिला की घरचे म्हणतात वय झाले. शेजारी म्हणतात टीबी असेल, आणि तिचे ताट-पेला वेगळे ठेवतात. कुणी अजून अंगाऱ्याकडे नेतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे घडते, ते आपण झाकून ठेवू नये. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली जाते. टीबी नाही असे निघते. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, खोकल्याच्या औषधाची बाटली मिळते आणि बाई पुन्हा चुलीपुढे येऊन बसते. टीबी नाही याचा अर्थ आजार नाही असा कसा होईल? त्यानंतरचा प्रश्न कुणी विचारतच नाही: बाई, तू किती वर्षे चूल फुंकतेस? घरात धुराला वाट आहे का? आणि उलट बाजूही लक्षात असू द्या. धुराने छाती नाजूक झालेल्यांना टीबीची लागण होण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकीची तपासणी टाळू नका. ती मोफत आहे, आणि टीबी निघाला तर औषधेही मोफत आहेत.

चुलीच्या धुरावर सरकारने काही केले नाही असे नाही. १९८३ मध्ये निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. धुराड्याच्या चुली खेडोपाडी बसल्या. काही वर्षांत पाइप काजळीने चोंदले, फुटले, दुरुस्त करायला कुणी आले नाही. २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला. मग १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत देशात आठ कोटी जोडण्या झाल्या. हे काम मोठे आहे, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. देशातील तज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९० पासून २०१९ पर्यंत ६४ टक्क्यांनी घटले. (बाहेरच्या हवेतल्या कणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्याच काळात ११५ टक्क्यांनी वाढले, आणि २०१९ या एका वर्षात दोन्ही मिळून हवेच्या प्रदूषणाने देशात सोळा लाखांहून अधिक माणसे गेली.) पण जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली असे नव्हे. भरलेले सिलिंडर म्हणजे मजूर बाईची तीन-चार दिवसांची मजुरी. पऱ्हाटी फुकट. म्हणून गॅसवर चहा आणि पाहुण्यांची भाजी, चुलीवर भाकरी आणि आंघोळीचे पाणी, अशी वाटणी अनेक घरांत झाली आहे. गॅसची शेगडी कापडाने झाकून, पुसून ठेवलेली असते. सिलिंडर कधी संपेल याची धास्ती बाईला, आणि बचतीचे कौतुक घरातल्या कर्त्याला. बिडी-तंबाखूचा महिन्याचा खर्च कागदावर मांडून पाहिला तर किती घरांत सिलिंडर परवडेल, हा हिशेब कर्त्या पुरुषांनी एकदा करावा.

घरातून आता कामावर जाऊ. खामगावचा कापूस एके काळी जगाच्या बाजारात गाजत होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो नेण्यासाठी १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्या काळापासून जीन आणि प्रेस हे आपल्या भागातल्या भूमिहीनांच्या हिवाळ्याच्या मजुरीचे ठिकाण आहे. खामगाव, मलकापूर, नांदुरा, देऊळगाव राजा या पट्ट्यात आजही हंगामात जिने चालतात. कापूस उपसणे, यंत्राला घालणे, रुई ओढणे, सरकी भरणे. संध्याकाळी कामगार बाहेर पडतो तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. लोक हसून म्हणतात, म्हातारा झाला.

जी रुई अंगावर दिसते तिची भीती कमी. जी दिसत नाही तिच्यात कापसाच्या बोंडाचा, पानांचा चुरा असतो, माती असते, आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचे विष असते. ते छातीत गेले की श्वासनळ्या आवळतात. सुताच्या गिरण्यांत या आजाराची ओळख फार जुनी आहे. त्याला बायसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारचा आजारही म्हणतात. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी होते, सुट्टीनंतर पहिल्याच पाळीला पुन्हा जड होते. आठवडाभरात शरीर थोडे सावरते, म्हणून कामगाराला वाटते बरे झाले. वर्षे गेली की सोमवारचा दम मंगळवारी राहतो, बुधवारी राहतो, आणि मग कायमचा मुक्कामाला येतो. जिनात काम हंगामी असते, त्यामुळे आजार पावसाळ्यात दबतो आणि दिवाळीनंतर डोके काढतो. कामगार त्याला थंडीचा खोकला म्हणतो. शेजारच्या जळगाव भागातील जिनिंग कामगारांच्या तपासणीतही फुफ्फुसाची ताकद घटलेली आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीवर सक्तीची मर्यादा घालण्यात आली. गिरणी मालक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, खर्च जास्त आणि फायदा कमी. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराच्या आरोग्याचे रक्षण शक्य असेल तर ते केलेच पाहिजे, त्याला नफातोट्याचा तराजू लावता येणार नाही. यंत्रांवर झाकणे आली, धूळ ओढून घेणारे पंखे आले, आणि तो आजार तिथे झपाट्याने ओसरला. म्हणजे हा आजार नशिबाचा नाही, पंख्याचा आहे.

आपल्याकडे कायदा नव्हता असेही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम धुळीसाठीच होते: धूळ जिथे निघते तिथल्या तिथे ती ओढून घ्यावी, कामाच्या जागी साचू देऊ नये. कामगार भरपाईच्या जुन्या कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत मिळाले. पण भरपाई मागायची तर आधी आजाराला नाव हवे, नावासाठी तपासणी हवी, आणि मुकादमाच्या वहीत तीन महिन्यांपुरता असलेल्या माणसाची तपासणी कोण करणार?

इथे बाबासाहेबांची एक गोष्ट आठवते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, आणि विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कुणी कोणत्या खात्यात उभे राहायचे आणि कुणाच्या फुफ्फुसात काय जायचे, हे नुसत्या कामाच्या कसबावर ठरत नव्हते. आज जिनात जात विचारत नाहीत. पण कचऱ्याच्या बाजूला, सरकीच्या खड्ड्यात, खडी क्रशरच्या पट्ट्याखाली कोण उभे असते, ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहून घ्यावे.

शेतातली धूळ तर आपण धूळ मानतच नाही. सोयाबीनची आणि तुरीची मळणी करणारा हडंबा चालू झाला की त्याच्या तोंडाशी उभा राहणारा मजूर दिवसभर कुटाराचा भुसा खातो. त्यात बुरशी असते. रात्री ताप येतो, अंग मोडून येते, सकाळी उतरतो. हंगामाच्या शेवटी उरलेल्या पऱ्हाट्या आणि धसकटे बांधावर पेटवली जातात. ट्रॅक्टरला जोडायचे कुट्टी यंत्र मिळते, त्याने पऱ्हाटी बारीक करून जमिनीत गाडली तर जमिनीला खत होते. पण यंत्राला पैसे पडतात, काडीला पडत नाहीत.

रस्त्यांचेही तसेच. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण कित्येक वर्षे रखडत चालले. घाटावर मेहकर, सिंदखेडराजा या भागातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. रस्ते झाले, ते हवेच होते. त्यासाठी डोंगर फुटले, मुरूम निघाला, खडी क्रशर बसले. आपला खडक काळा बेसाल्ट. त्यात स्फटिक सिलिका वालुकाश्मापेक्षा फार कमी असते, म्हणून राजस्थानच्या दगडखाणींत जो सिलिकोसिस माणसे मारतो, आणि ज्यासाठी त्या राज्याने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण केले, त्याचा धोका आपल्या क्रशरवर त्यामानाने कमी. पण कमी म्हणजे धूळ निरुपद्रवी असे नव्हे, आणि आपली पोरे कामासाठी राजस्थानच्या, गुजरातच्या दगडावर जातात तेव्हा हा फरक त्यांना माहीत असला पाहिजे. वीटभट्ट्यांचा धूर वेगळाच; तिथे मजुराचे घरच भट्टीला टेकून असते. शिवाय शेगावच्या पूर्वेला त्याच रेल्वेमार्गावर पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटच्या दोन संचांचे. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू हवेत दूरवर जाता जाता स्वतःच बारीक कण बनतो, त्यामुळे अशा केंद्राचा परिणाम त्याच्या कुंपणापुरता राहत नाही.

घरातल्या आणखी दोन वस्तू सांगतो. डासांची एक अगरबत्ती, म्हणजे कॉइल, पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. बंद खोलीत, लेकराच्या उशाशी आपण ती लावतो. मच्छरदाणी हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय. आणि विहारात वंदनेला मेणबत्ती-अगरबत्ती लावताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गठ्ठ्याने लावू नये. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या फटाक्यांविषयी मी मागेही लिहिले होते, पुन्हा लिहून वाचकांना कंटाळा आणत नाही.

आता करण्यासारखे. गॅस असेल तर धुमसणारे काम आधी गॅसवर न्या, म्हणजे पावसाळ्यातली भाकरी. चूल ठेवायचीच तर ती अंगणात, पडवीत, निदान दाराच्या तोंडाशी आणा. सरपण वाळवून, झाकून ठेवा. ओल्या काटकीचा धूर दुपटीतिपटीचा असतो. चूल पेटवताना लेकराला दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि ते दुसरे कुणी घरातला पुरुषही असू शकतो. झाडण्याआधी पाणी शिंपडा. ज्यांचे रमाई आवास योजनेतून घरकुल चालू आहे त्यांनी तर हे विसरूच नये: २६९ चौरस फुटांच्या घरात स्वयंपाकाचा कोपरा एका बाजूला येतो, तिथे छपराखाली समोरासमोर दोन झरोके आणि चुलीवर धुराड्याचा पाइप ठेवायला मिस्त्रीला भिंत चढतानाच सांगा. घर झाल्यावर टिन फोडायचे मग कुणाला जिवावर येते.

जिनात, हडंब्यावर, क्रशरवर रुमाल बांधता तो जाडी धूळ आणि तंतू अडवतो, बारीक कण नाही. त्यासाठी एन ९५ मास्क हवा. तो मेडिकलच्या दुकानात मिळतो, पण तो मालकाने द्यायचा असतो. चार जणांनी मिळून मागितला तर कामावरून काढण्याची धमकी एकट्याला दिली जाते तशी चौघांना सहज देता येत नाही. दम लागत असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, मी जिनात इतके हंगाम काम केले, मी इतकी वर्षे चूल फुंकली. फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती मिळेल का हे जिल्हा रुग्णालयात नाव घेऊन विचारा. श्वासातून घ्यायच्या पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, या अफवा आहेत. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रेत काम करते.

गावालगत क्रशर किंवा भट्टी असेल तर १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याप्रमाणे तिला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि त्या संमतीपत्रात पाणी मारणे, पत्र्याचा आडोसा घालणे अशा अटी लिहिलेल्या असतात. ते पत्र माहितीच्या अधिकारात मागता येते. स्वच्छ हवा हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगून ठेवले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा. ग्रामसभेत ठराव मांडताना महिला मंडळाला पुढे बसवा, कारण खोकला त्यांचा आहे. ठरावाच्या दोन प्रती करा, एकीवर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि तारीख घ्या, दुसरी मंडळाच्या अकोल्याच्या कार्यालयाला पाठवा, आणि स्पीड पोस्टची पावती ठरावाच्या प्रतीलाच टाचून ठेवा.